परत न आलेल्या नोटा

बँकेच्या रोख विभागात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला नोटेचं कौतुक उरत नाही. हलवायाला पेढ्याचं असतं तेवढंच. ओल्या स्पंजावर बोट टेकवावं, शंभराचं पुडकं झरझर मोजावं, मळकी-फाटकी नोट दिसली की बाजूला काढावी आणि रबर लावून पुढचं पुडकं ओढावं. नोटेवर चित्र कशाचं आहे आणि सही कोणाची आहे हे बघत बसलं, तर खिडकीपुढची रांग ओरडायला लागते. एक मात्र खरं, की खोटी नोट डोळ्यांच्या आधी बोटांना कळते. निवृत्त होताना ही एवढीच विद्या मी घरी घेऊन आलो. दूधवाल्याचे सुटे मोजण्यापलीकडे तिचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आमच्या सौ.ला तर मुळीच वाटलं नव्हतं.

तो उपयोग झाला सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात.

आमची मुलगी आणि जावई तिथल्या एका लहानशा गावात राहतात. सहा महिन्यांसाठी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. गावाच्या चहूबाजूंनी नजर पोचेल तिथवर मका. मध्येच धान्याची उंच कोठारं, दोन-तीन चर्च, एक टुमदार वाचनालय आणि मुख्य रस्त्यावर दगडी खांबांची एक भारदस्त इमारत. त्या इमारतीत आता चष्म्यांचं दुकान आहे, पण दारावरच्या दगडात कोरलेली ‘फर्स्ट नॅशनल बँक’ ही अक्षरं अजून वाचता येतात. संध्याकाळी फिरायला निघालो की माझी नजर हटकून तिथे जाई. बँकेतला माणूस! दुसरीकडे कुठे जाणार?

शेजारच्या घरात शहाऐंशी वर्षांच्या एक आजीबाई एकट्या राहत होत्या. वसंत ऋतू आला की त्या घर विकून वृद्धाश्रमात जाणार होत्या, म्हणून घराची आवराआवर चालली होती. दर शनिवारी त्या अंगणात टेबलं मांडून जुने दिवे, कपबश्या, पडदे विकायला ठेवीत. आमच्या सौ.ने त्यांच्याकडून एक जाड बुडाची कढई दोन डॉलरला आणली आणि बदल्यात चकल्यांचा डबा दिला. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. भाषेची अडचण दोघींनाही कधी आली नाही.

एका संध्याकाळी आजीबाई एक तपकिरी पाकीट घेऊन आमच्याकडे आल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्ही बँकेत होतात ना? या नोटा खऱ्या आहेत का तेवढं बघून सांगा. शनिवारच्या टेबलावर ठेवायच्या की नाही, ते मग ठरवीन.”

पाकिटात पाच नोटा निघाल्या. त्यातली एक पाहताक्षणी फार जुनी वाटावी अशी, तपकिरी, कडा झिजलेली. तीन नोटा चांगल्या मोठ्या, आजच्या डॉलरपेक्षा सव्वा इंचाने लांब. पाचवी आजच्याच आकाराची. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या चार नोटांवर बँकांची नावं निरनिराळी होती! एक शिकागोच्या बँकेची, एक शेजारच्या नेब्रास्का राज्यातल्या कुठल्याशा गावची, आणि उरलेल्या दोन नोटांवर चक्क या आमच्या गावचं नाव! चार-पाच हजार वस्तीच्या गावाने स्वतःच्या नावाची नोट काढावी? आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावाने आपली नोट छापली तर दुसऱ्या दिवशी पोलीस दारात येतील.

मी म्हणालो, “आजी, मला पंधरा दिवस द्या. आणि तोवर या नोटा टेबलावर ठेवू नका.”

त्या पंधरा दिवसांत मी गावच्या वाचनालयातली खुर्ची सोडली नाही. तिथल्या बाईंनी दुसऱ्या गावांहून जाडजूड सूचिग्रंथ मागवून दिले. त्यातून जे उमजलं ते वाचकांना थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय त्या नोटांची गंमत कळायची नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत सरकारी कागदी नोट अशी नव्हतीच. राज्याराज्यांच्या परवान्यावर चालणाऱ्या दीड हजारांवर बँका आपापल्या नोटा काढीत. आकार वेगळे, चित्रं वेगळी, आणि पत तर त्याहून वेगळी. काही बँका मुद्दाम अशा आडरानात थाटलेल्या, की नोट वटवायला माणसाने तिथवर जाऊच नये. दुकानदार गल्ल्याशेजारी एक पुस्तिका ठेवी. कोणत्या बँकेची नोट चालते, कोणती किती कमी भावाने घ्यावी, कोणती खोटी, हे तिच्यात छापलेलं असे. न्यूयॉर्कच्या जॉन थॉम्पसन याची अशी पुस्तिका प्रसिद्ध होती. गिऱ्हाईक नोट पुढे करी, दुकानदार पुस्तिका उघडी आणि मागची माणसं ताटकळत. आमच्या वेळच्या रांगा परवडल्या!

पुढे १८६१ साली यादवी युद्ध पेटलं. युद्धाला पैसा हवा आणि देशाला एकसारखं चलन हवं, अशी दुहेरी नड होती. लिंकनचे अर्थमंत्री सॅमन चेस यांनी एका दगडात दोन पक्षी मारले. २५ फेब्रुवारी १८६३ रोजी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो सुधारून पक्का करण्यात आला. त्याचा मथितार्थ असा: बँकेने केंद्र सरकारकडून सनद घ्यावी, सरकारचे कर्जरोखे विकत घेऊन ते वॉशिंग्टनच्या खजिन्यात तारण ठेवावेत, आणि त्या तारणावर शंभराला नव्वद या प्रमाणात सरकारने छापलेल्या नोटा घ्याव्यात. नोटेचा नमुना देशभर एकच, फक्त बँकेचं नाव, गाव आणि सह्या निराळ्या. १९०० साली हे प्रमाण शंभराला शंभर झालं, आणि लहान गावातल्या बँकेला पंचवीस हजार डॉलरच्या भांडवलावर सनद मिळू लागली. मग काय, गावोगाव बँका उगवल्या.

मौज अशी, की नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे उलटं घडलं होतं. १८४० साली निघालेली आपली बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढीत असे. १८६१ च्या कायद्याने तो अधिकार काढून सरकारने नोटा स्वतःच्या हाती घेतल्या. एका देशाने बँकांकडून नोटा काढून घेतल्या आणि दोन वर्षांनी दुसऱ्याने त्या तारण घेऊन बँकांच्या हाती दिल्या.

पहिली सनद मिळाली फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेला. पण दार उघडून व्यवहार सुरू करण्यात पहिली आली ती आयोवातल्याच डेव्हनपोर्ट गावची बँक, २९ जून १८६३ रोजी. हे मी जावयांना सांगितलं तेव्हा त्यांना एवढा अभिमान वाटला, की जणू ती बँक त्यांनीच काढली होती. गावोगावी ‘फर्स्ट नॅशनल’ आणि मग सेकंड, थर्ड असं चाले. न्यूयॉर्कात तर टेंथ नॅशनल बँकेपर्यंत मजल गेली होती. १९३५ साली ही पद्धत बंद होईपर्यंत चौदा हजारांहून अधिक सनदा दिल्या गेल्या. ज्या कर्जरोख्यांच्या तारणावर नोटा निघत, तेच सरकारने त्या वर्षी फेडून टाकले. तारण संपलं, नोटा संपल्या. त्याच १९३५ च्या एप्रिलमध्ये इकडे आपली रिझर्व्ह बँक सुरू झाली, हाही एक योगायोगच.

आता आजीबाईंच्या पाकिटाकडे वळू.

आधी ती फार जुनी दिसणारी तपकिरी नोट. आजीबाईंची सगळी भिस्त तिच्यावर होती. यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारची ती नोट. पण हातात घेतली आणि ती भाजलेल्या पापडासारखी कडकडली. माझ्या बोटांनी तिथेच निकाल दिला. दक्षिणेच्या अस्सल मोठ्या नोटांवर कारकुनांनी दौतीच्या शाईने हातांनी सह्या केलेल्या असत. हिच्यावरच्या सह्या बाकीच्या मजकुरासारख्याच छापलेल्या. मुद्दाम जुना दिसेल अशा कागदावर छापून पर्यटकांना पाकिटात घालून विकलेली ही नक्कल होती. सगळ्यांत जुनी दिसणारी नोट सगळ्यांत नवी निघाली!

बाकीच्या चार मात्र खऱ्या. अशी नोट ओळखायची पहिली खूण म्हणजे माथ्यावरचे ‘नॅशनल करन्सी’ हे शब्द आणि बँकेचं व गावाचं नाव. दुसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे सनदेचा क्रमांक. तो नोटेचं गोत्र समजावा. गावं एका नावाची अनेक असतात, बँकाही नावं बदलतात, पण सनदेचा क्रमांक त्या बँकेचाच. १८७४ सालापासून तो नोटेवर ठळक छापू लागले. मळक्या नोटांचे ढीग वॉशिंग्टनला येत आणि नावं वाचून त्या निवडता निवडता कारकुनांचे डोळे फुटायची पाळी येई. आकड्यावरून निवड सोपी झाली. ज्याने असे ढीग निवडले आहेत तो या सुधारणेला मनोमन हात जोडील.

तिसरी खूण सालाची, आणि इथे जपून राहावं लागतं. नोटेवर १९०५ सालची तारीख असली म्हणून ती नोट १९०५ साली छापली असं नव्हे. ती तारीख बँकेच्या सनदेशी निगडित असते. सनद वीस वर्षांची असे आणि मग तिची मुदत वाढवून घ्यावी लागे. त्यामुळे एकच तारीख मिरवणाऱ्या नोटा वीस वर्षं छापल्या जात. म्हणून नमुना पाहायचा. पहिल्या पिढीच्या नोटा चित्रांनी नटलेल्या. पाच डॉलरच्या नोटेवर कोलंबसला जमीन दिसते आहे, दहाच्या नोटेवर फ्रँकलिन वादळात पतंग उडवतो आहे. दोन डॉलरच्या नोटेवरचा २ हा आकडा तर दुपारी वामकुक्षीला लवंडावा तसा आडवा पसरलेला. संग्राहक तिला ‘आळशी दुर्री’ म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात. १८८२ च्या नमुन्यात पाचाच्या नोटेवर आदल्याच वर्षी खून झालेले अध्यक्ष गारफील्ड आले. तिची पाठ तपकिरी आणि मधोमध सनदेचा भला थोरला क्रमांक. १९०२ च्या नमुन्यात दहाच्या नोटेवर असेच खून झालेले अध्यक्ष मॅकिन्ले. या नमुन्यावरचा शिक्का आधी तांबडा होता, तो पुढे निळा झाला. तांबड्या शिक्क्याच्या नोटा थोडी वर्षंच निघाल्या, म्हणून दुर्मिळ. १९२९ साली नोटा आकाराने लहान झाल्या, शिक्का तपकिरी झाला आणि बँकेच्या माणसांच्या सह्यादेखील छापील झाल्या.

हे ताडून पाहता आजीबाईंची नेब्रास्काची नोट १८८२ च्या नमुन्याची, तपकिरी पाठीची. शिकागोची १९०२ ची, निळ्या शिक्क्याची, पाच डॉलरची. आमच्या गावच्या दोन्ही नोटा दहादहाच्या. एक १९०२ च्या नमुन्याची मोठी, निळ्या शिक्क्याची, आणि एक १९२९ ची लहान.

ओळख पटली, आता मोल. माझा समज होता की जितकी नोट जुनी, जितका आकडा मोठा, तितकी किंमत जास्त. सूचिग्रंथांनी तो पार धुऊन काढला. इथे सगळा हिशेब एकाच प्रश्नाभोवती फिरतो. या बँकेच्या अशा किती नोटा आज शिल्लक आहेत?

त्याचं कारण नोटेच्या आयुष्यात आहे. नोट जन्मते ती परत जाण्यासाठी. हाताहातांतून फिरून मळली की ती वॉशिंग्टनला जाते, तिथे तिचे पैसे चुकते होतात, ती नष्ट होते आणि बँकेला नवी नोट मिळते. हे काम जिने चोख बजावलं, ती आज जगात नाही. कोणाच्या तरी गादीखाली, पुस्तकाच्या पानांत, देवाच्या पोथीत अडकून जी परत गेलीच नाही, ती तेवढी उरली. प्रत्येक बँकेच्या किती रकमेच्या नोटा परत आल्याच नाहीत, याचे आकडे सरकारी दप्तरात आहेत. त्यांच्या जोडीला संग्राहकांनी अनेक पिढ्या खपून, आजवर डोळ्यांना पडलेल्या नोटांची बँकवार खानेसुमारी केली आहे. आयोवातच ओकोबोजी या तळ्याकाठच्या गावात विल्यम हिगिन्स नावाच्या संग्राहकाने निव्वळ या नोटांचं संग्रहालय उभारलं. माणसं छंदापायी काय काय करतात!

मग येते नोटेची प्रकृती. घड्या किती, टाचणीची भोकं किती, कडा कापल्या आहेत का, कोणी धुऊन इस्त्री तर केलेली नाही ना? साफसफाईने किंमत वाढत नाही, उलट घटते, हे गृहिणींना पटणं जरा कठीण आहे. फाटकी नोट चिकटपट्टीने सांधणं हे तर महापातक. आजीबाईंच्या नेब्रास्काच्या नोटेला कोणीतरी नेमकी तीच पट्टी लावली होती. पण त्या गावच्या नोटा इतक्या थोड्या उरल्या आहेत, की पट्टीसकट तिचे दोन-तीनशे डॉलर यायला हरकत नव्हती. उलट शिकागोची नोट दिसायला सुरेख, पण तशा नोटा पैशाला पासरी. तिचे शंभर आले तरी खूप. आणि हे आकडे पाहायचे ते मागे झालेल्या लिलावांत नोट प्रत्यक्ष कितीला गेली त्यावरून. दुकानदाराने चिठ्ठीवर किती लिहिलं आहे त्यावरून नव्हे. लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार आणि नोटांच्या बाजारात मागितलेली किंमत, दोन्ही ऐकून सोडून द्यावीत.

राहिल्या आमच्या गावच्या दोन नोटा. लहान नोटेचे दीड-दोनशे डॉलर. आणि मोठी, १९०२ ची? तशा नोटा खानेसुमारीत अवघ्या चार नोंदलेल्या होत्या. आजीबाईंची पाचवी. हजार-बाराशे डॉलर सहज!

पंधरवडा संपला त्या संध्याकाळी मी हे सारं आजीबाईंना सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. पापडासारखी नोट खोटी हे ऐकून त्या खळखळून हसल्या. हजार-बाराशेचा आकडा ऐकून मात्र हसल्या नाहीत. ती नोट त्यांनी दिव्याखाली धरली आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

“ही माझ्या आजोबांची सही,” त्या म्हणाल्या. “आईचे वडील. ते या बँकेत कॅशियर होते.”

कॅशियर म्हणजे आमच्यासारखा खिडकीमागचा प्राणी नव्हे. तिथे कॅशियर म्हणजे बँकेचा कारभारी. अध्यक्ष असे गावातला एखादा धनिक, आणि बँक प्रत्यक्ष चालवी तो कॅशियर. नोटेवर दोघांच्याही सह्या लागत.

मग आजीबाईंनी आईकडून ऐकलेली हकीकत सांगितली. वॉशिंग्टनहून चार-चार नोटांचे अखंड ताव येत. रात्री जेवणं उरकली की आजोबा टेबल पुसून घेत आणि तावावर सह्या करीत बसत. त्यांची आई तेव्हा सात-आठ वर्षांची. टीपकागद दाबण्याचं काम तिचं. त्या वेळात कोणी घरात धावायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही. सह्या वाळल्या की आजी शिवणाची कात्री घेऊन नोटा कापी. मी नोट निरखून पाहिली. वरची कड बारीक, खालची रुंद, आणि एका टोकाला कात्री जराशी भरकटलेली. सूचिग्रंथात या अशा कडांना उणेपणा मानतात. मला तो दिसेना.

“१९३२ साली बँक बुडाली,” आजीबाई म्हणाल्या. “मक्याला भाव नव्हता, शेतकऱ्यांची कर्जं थकली होती. ठेवीदारांचे पैसे गेले. थोडेफार मिळाले, तेही किती वर्षांनी. आजोबांनी गाव सोडलं नाही. लाकडाच्या वखारीत हिशेब लिहू लागले. चर्चमध्ये मात्र शेवटच्या बाकावर बसत. मी शाळेत गेले तेव्हा एका मुलीने मला सांगितलं, तुझ्या आजोबांनी गाव बुडवलं. घरी त्यांचं नाव कोणी काढत नसे. ही नोट आईच्या कपाटात तळाशी सापडली. ती जपून ठेवलेली की लपवून ठेवलेली, ते मला कधी कळलं नाही.”

काय बोलावं ते मला सुचेना. ठेवीदारांचं दुःख मला ठाऊक होतं. १९६० साली आपल्याकडे पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यातून धडा घेऊन १९६२ साली ठेवींच्या विम्याची सोय झाली. अमेरिकेत ती १९३४ च्या आरंभी सुरू झाली, म्हणजे या गावापुरती दीड वर्ष उशिरा. त्यांच्या आजोबांनी कर्जं देताना शहाणपण दाखवलं की नाही, हे मला नोटेवरून सांगता येणार नव्हतं, आणि खोटा दिलासा देण्याचं त्यांचं वय नव्हतं.

पण एक गोष्ट मला नक्की ठाऊक होती. मी म्हणालो, “आजी, ठेवींचं मी काही सांगू शकत नाही. पण या नोटेवर सही करून त्यांनी जे वचन दिलं, ते मोडलेलं नाही. बँक बुडाली तरी तारण वॉशिंग्टनला होतं. ज्याच्या हाती या बँकेची नोट होती, त्याला तिचे पुरे पैसे मिळाले.”

त्या म्हणाल्या, “आणि ही? ही तर परत गेलीच नाही.”

“हिचेही मिळतील. १८६१ पासून काढलेली कोणतीही नोट तुमच्या सरकारने रद्द केलेली नाही.”

“म्हणजे आज मी ही घेऊन बँकेत गेले तर?”

“दहा डॉलर देतील.”

“बँक बुडून नव्वद वर्षं झाली तरी?”

“तरी.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पेन्शनीतून काढून ठेवलेल्या पाचशेच्या नोटा बदलायला मी, ज्या खिडकीमागे जन्म घालवला, तिच्याच पुढच्या रांगेत साडेचार तास उभा होतो. एका रात्रीत नोटेचा कागद होतो हे पाहिलेल्या माणसाला, बुडालेल्या बँकेची नोट नव्वद वर्षांनी वटते हे सांगताना जरा चमत्कारिकच वाटतं.

पुढचं थोडक्यात. शिकागोची, नेब्रास्काची आणि १९२९ ची अशा तीन नोटा आजीबाईंनी लिलावाला पाठवल्या. दलाली वजा जाता साडेचारशेच्या आसपास हाती आले. वृद्धाश्रमाच्या खर्चात ते म्हणजे दर्यामें खसखस. सगळ्यांना वाटलं, आता मोठी नोटही जाणार. जावयांनी तर तिचा राखीव भाव किती लावावा याचा विचारही करून ठेवला होता.

आजीबाई ती घेऊन एके सकाळी वाचनालयात गेल्या. मला सोबत नेलं. गावच्या जुन्या छायाचित्रांचं काचेचं कपाट तिथे आहे. नोट त्यात ठेवावी आणि खाली आजोबांचं नाव लिहावं, एवढीच त्यांची अट. ते नाव गावात मोठ्याने उच्चारून किती वर्षं झाली होती, देव जाणे. वाचनालयाच्या बाईंनी आनंदाने होकार दिला आणि विम्यासाठी एक छापील अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता: वस्तूची किंमत.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सूचिग्रंथ त्यांनीच मला मागवून दिले होते, तेव्हा आकडा त्यांनाही माहीत होता. मी घसा साफ केला. पण आजीबाईंनी तोवर लेखणी उचलली होती आणि वळणदार अक्षरात त्या रकान्यात लिहून टाकलं होतं: दहा डॉलर.